अंडं हातातच पिचकतंय? कॅल्शियमची बाटली आणण्याआधी हे बघा

चैत्र लागला की आमच्या खुराड्यात एक ठरलेला प्रकार सुरू होतो. सकाळी साडेसहाला पेटीत हात घालावा, तर तुसात अंड्याऐवजी काहीतरी कोमट, लिबलिबीत लागतं. पाणी भरलेल्या फुग्यासारखं. वर कवचच नाही, नुसता पापुद्रा. उचलायला जावं तर बोटांतून बलक गळतो आणि शेजारची चार चांगली अंडीही बरबटतात. मग बाकीच्या कोंबड्यांना त्या चवीचा शोध लागतो आणि त्या धडधाकट अंडीसुद्धा फोडायला शिकतात. हे दुसरं दुखणं पहिल्यापेक्षा वाईट, कारण अंडं खायची चटक लागलेली कोंबडी सहसा सुधारत नाही.

इंदूरजवळ राऊला, महू रोडच्या बाजूला आमचं घर. मागे परस, परसात चौदा कोंबड्या: सहा गावरान, तीन कडकनाथ, पाच तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित. लागोपाठ तीन उन्हाळे हेच चाललं. पहिल्या वर्षी मी कॅल्शियमची बाटली आणली. दुसऱ्या वर्षी दोन आणल्या. तिसऱ्या वर्षी बाटलीऐवजी दहा रुपयांची वही आणली आणि तेव्हा कुठे उलगडा झाला. ज्याला त्याला विचारायचं असतं, "कॅल्शियम कोणतं देता?" कोणतं हा प्रश्नच नाही. ते कधी देता, भुकटी देता की खडा, आणि दिवसभर कोंबडीच्या पोटात दुसरं काय काय ढकलता, तिथे गोम आहे.

आधी कोणाचं अंडं ते शोधा

एकाच कोंबडीचं अंडं बिघडतंय की सगळ्यांचं, हे कळल्याशिवाय उपाय करणं म्हणजे अंधारात काठी मारणं. एकीचंच असेल तर तिचं वय, तिची अंडनलिका, तिची प्रकृती बघायची. सगळ्यांचं एकदम बिघडलं तर खाणं, पाणी, ऊन किंवा रोग.

पण चौदांतली नेमकी कोण, हे कसं कळणार? प्रत्येक कोंबडीच्या अंड्याचा आकार आणि रंग बऱ्यापैकी ठरलेला असतो, महिनाभर बघितलं की ओळखू येतो. घाई असेल तर दुसरी युक्ती आहे. जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग खोबरेल तेलात कालवायचा आणि रात्री कोंबड्या दांडीवर शांत बसल्या की एकेकीच्या मागच्या भोकाला बोटाने लावायचा. एकीला केशरी, एकीला हिरवा. सकाळी अंड्यावर त्या रंगाचा फराटा येतो. सासूबाई अंडं खात नाहीत, पण हा खेळ बघायला त्या रोज सकाळी परसात येऊन उभ्या राहायच्या. "आज हिरवीचं आलं गं!" असा पुकाराही त्यांचाच.

वहीत मी चारच गोष्टी लिहीत होते: कोणाचं अंडं, किती वाजता सापडलं, पेटीत की दांडीखाली, आणि काय बिघडलंय. दांडीखाली का, ते सांगते. बिनकवचाचं अंडं बरेचदा रात्रीच, झोपेत पडतं. पेटीत काही नाही आणि विष्ठेत पिवळा डाग दिसतोय, तर अंडं "आलंच नाही" असं नव्हे. आलं, पण कवच चढायच्या आत आलं.

दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. नऊ बिघडलेल्या अंड्यांपैकी आठ पाच संकरित कोंबड्यांची होती. गावरान आणि कडकनाथ जवळजवळ निर्दोष. म्हणजे रोग नाही. रोग सहसा एकाच जातीपुरता थांबत नाही. रोज अंडं देणाऱ्यांचाच खिसा रिकामा होत होता.

पोह्यांचा हिशोब

मोठ्या अंड्याचं कवच पाच-सहा ग्रॅमचं, आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्यात निव्वळ कॅल्शियम दोन ग्रॅमच्या वर. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण चार ग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. लेअर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यात, ते साडेतीन ते चार टक्के असतं. कोंबडीने शंभर-एकशे दहा ग्रॅम खाद्य खाल्लं की हिशोब जमतो. वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देणारी कडकनाथ किंवा त्याहून कमी देणारी गावरान कोंबडी अधूनमधून सुट्टी घेते, हाडांत पुन्हा साठा करते. संकरितला ती सोय नाही.

आता आमच्या घरातलं बघा. इंदूरचं घर म्हणजे सकाळी पोहे, आणि उरलेले पोहे कोंबड्यांना. वर सासरे ओट्यावर बसून मूठभर शेव उधळणार. दुपारी पोळीचे तुकडे, संध्याकाळी ज्वारी. कोंबड्या हे सगळं धावून धावून खातात आणि लेअर मॅशकडे (हेच तयार खाद्य, दळलेलं) ढुंकूनही बघत नाहीत. मेमध्ये तर ऊनच इतकं की भूकच मरते. मी एकदा भांडं सकाळी आणि रात्री तोलून बघितलं. एका कोंबडीच्या वाट्याला मॅश आला जेमतेम साठ ग्रॅम. साठ ग्रॅमचे साडेतीन टक्के म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास. निम्माच माल! पोह्यात आणि ज्वारीत कॅल्शियम नावापुरतं. उरलेलं कोंबडी स्वतःच्या हाडांतून उसनं काढते, आणि हाडंही किती दिवस देणार.

शेवेचा दुसरा दोष मिठाचा. कोंबडीच्या पाण्यातून जास्त मीठ गेलं की कवचं पातळ होतात, हे पक्कं आहे. बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर आधी पाणी बदला.

पोहे मी बंद नाही केले. तेवढ्यासाठी घरात महाभारत कोण करणार? पण आता ते दुपारी चारनंतर, सगळ्यांत मिळून एक वाटी. सकाळी उपाशीपोटी समोर फक्त मॅश.

कवच रात्री चढतं

सगळ्यात मोठा फरक याने पडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंडं तयार व्हायला पंचवीस-सव्वीस तास लागतात. त्यातले वीसेक तास नुसते कवच चढायचे, आणि त्यातला भरीव भाग रात्री येतो, म्हणजे कोंबडी दांडीवर डोळे मिटून बसलेली असते आणि खाणं बंद असतं तेव्हा. भुकटीचं कॅल्शियम दिवसा खाल्लं तर ते भराभर पुढे सरकतं आणि मध्यरात्री गरज पडते तेव्हा पोटात शिल्लक नसतं. दोन ते चार मिलिमीटरचा खडा मात्र पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, अडकून राहतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळतो. माझ्या तिन्ही बाटल्या कुठे गेल्या ते आता कळलं असेल. सकाळी पाण्यात घालत होते मी त्या.

आता शिंपल्यांचा जाडा चुरा वेगळ्या मातीच्या परळात ठेवते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला परळ भरते. खाद्यात मिसळत नाही. जिला हवं ती खाते. संध्याकाळी बघा एकदा गंमत: अंड्यावर असलेल्या कोंबड्या परळाभोवती गोळा होतात, कोंबडा एक चोच मारून निघून जातो. शरीराला कळतं. अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र जबरदस्तीने जास्त कॅल्शियम खाऊ घालू नका, त्यांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. अंड्यांची टरफलं भाजून, चुरून दिली तरी चालतात. फक्त चुरा असा करा की ते "अंडं" आहे हे ओळखू येऊ नये, नाहीतर चटक लागण्याची भीती आहेच.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं. परसात उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीला ते मिळतं, पण गच्चीवर पत्र्याच्या खोक्यात दिवसभर कोंडलेली असेल तर खाद्याच्या पिशवीवर ड३ आहे की नाही ते वाचा.

ऊन

कोंबडीला घाम येत नाही. गरम झालं की ती पंख अंगापासून सोडते, चोच उघडते आणि धापा टाकते. त्या धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भसाभसा बाहेर जातो. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातला कार्बोनेट याच वायूपासून बनतो. म्हणजे कॅल्शियम पुरेसं असलं तरी जोडीचा माल तोंडावाटे उडून गेलेला. वर भूक कमी. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे दोन्ही एकदम होतं, म्हणून दुखणं दरवर्षी त्याच सुमाराला उगवतं.

माळव्यात त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की रात्री पारा उतरतो. त्याचा फायदा घ्यायचा. खाद्य पहाटे साडेपाचला आणि पुन्हा सूर्य कलल्यावर. दुपारी अकरा ते चार भांडं उचलूनच ठेवते, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते. पाणी माठातलं, तीन ठिकाणी, सावलीत. उन्हाळ्यात एक कोंबडी एरवीच्या दुपटीपर्यंत पाणी पिते आणि उन्हात तापलेलं पाणी ती पीत नाही. पश्चिमेच्या जाळीला ओली पोती. मात्र पाऊस सुरू झाला की पोती काढून टाका, दमट हवेत त्यांचा उपयोग नाही, उलट तूस ओलं होतं. पाण्यात खाण्याचा सोडा घालायचा उपाय पोल्ट्रीवाले करतात आणि त्यामागचं कारण वर सांगितलं तेच आहे. प्रमाण मात्र पशुवैद्याकडूनच घ्या.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात वहीत नऊ बिघडलेली अंडी होती. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, त्याहून कडक उन्हात, दोन.

मिठाच्या पाण्याची परीक्षा

कवच सुधारतंय की नाही हे अंडं न फोडता कळतं. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्यात त्याच दिवसाचं अंडं अलगद सोडा. बुडालं तर कवच ठीक. तरंगलं तर पातळ. कवच हा आकाराच्या मानाने अंड्यातला सगळ्यात जड भाग, तो कमी झाला की अख्खं अंडं हलकं होतं, एवढंच त्यामागे. त्याच दिवसाचं का? शिळ्या अंड्यातलं पाणी उडून आतली हवेची पोकळी वाढते, ते कवच चांगलं असूनही तरंगतं. साध्या पाण्यात अंडं ताजं की शिळं बघतात ती परीक्षा वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका.

दुकानदाराचं खाद्य आणि पांढरी पडलेली अंडी

एकदा लेअर खाद्य संपलं होतं. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, ब्रॉयलर वाला ले जाओ, उसमें ताकत ज़्यादा है." घेतलं. चौथ्या दिवशी माझ्या तपकिरी अंडी देणाऱ्या पाचही जणी जवळजवळ पांढरी अंडी द्यायला लागल्या. मी पेटीपुढे बसून राहिले, कोणीतरी अंडी बदलली की काय!

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध मिसळलेलं असू शकतं. त्यातलं निकार्बाझिन हे औषध अंड्यावर असलेल्या कोंबडीला गेलं की तपकिरी रंग चढणं थांबतं, बलकावर ठिपके-डाग येतात. खाद्य थांबवलं की हळूहळू रंग परत येतो, आमच्याकडेही आला. ती अंडी आम्ही खाल्ली नाहीत आणि तुम्हीही खाऊ नका. शिवाय ब्रॉयलर खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास. त्याच्या "ताकतीने" अंड्याचं कवच उभं राहणार नाही. पिशवीवर लेअर लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि सुटं घेत असाल तर मूळ पिशवी दाखवायला सांगा.

काकूंचं तपकिरी-हिरवं ऑम्लेट

पलीकडच्या काकूंकडे गाय आहे आणि आठ गावरान कोंबड्या. त्यांची अंडी कवचाने उत्तम. एकदा पुतण्या येणार म्हणून त्यांनी पंधरा दिवसांची अंडी फ्रिजमध्ये जमवली. तव्यावर पहिलं फोडलं तर बलक शेवाळलेल्या पाण्याच्या रंगाचा, पांढऱ्याला गुलाबी झाक. दुसरंही तसंच. वास काही नाही. काकू घाबरून माझ्याकडे आल्या, हातात वाटी.

मी त्यांना त्या दिवशीचं ताजं अंडं फोडायला लावलं. पिवळाधम्मक बलक, काही दोष नाही. ताजं चांगलं आणि साठवलेलं बिघडतं, म्हणजे खाण्यात सरकी. विचारलं तर निघालंच: गाईला निमाडातली सरकी पेंड, आणि कोंबड्या दिवसभर गव्हाणीत. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य बलकातल्या लोहाशी जोडलं जातं आणि साठवणीत रंग तपकिरी-हिरवा होत जातो. पांढऱ्याची गुलाबी झाक सरकीच्याच तेलातल्या एका प्रकारच्या स्निग्धाम्लांमुळे. गव्हाणीला जाळी लावली, काही आठवड्यांत अंडी साफ झाली. काकूंनी मात्र तेवढ्यात दृष्टही काढून घेतली होती, त्यामुळे श्रेय कोणाचं यावर आमचं अजून एकमत नाही.

एक भेद लक्षात ठेवा: पांढरं हिरवट चमकत असेल किंवा वास मारत असेल तर ते जिवाणूंचं काम. अंडं सरळ फेका. आणि उकडलेल्या अंड्यात बलकाभोवती राखाडी-हिरवं कडं दिसतं त्याला खाद्याचा दोष नाही. जास्त वेळ उकडल्याने बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येतं, बस. वेळेवर उतरवून गार पाण्यात टाका.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

बलक फिका: मक्याऐवजी तांदळाची कणी नाहीतर ज्वारी जास्त होतेय. पिवळा मका, बरसीम, पालकाचे देठ, झेंडूच्या पाकळ्या द्या. रंगाने पोषण ठरत नाही, तरी गिऱ्हाईक बलकाचा रंग बघूनच पैसे देतं.

रक्ताचा ठिपका: बलक अंडाशयातून सुटताना बारीकशी रक्तवाहिनी फुटते. पिल्लू नव्हे. तपकिरी अंड्यांत जास्त दिसतो. चमच्याने काढा, अंडं खा.

अंडी लहान, कोंबडी सुस्त: घरचं कच्चं सोयाबीन टाकता का? माळव्यात ही चूक घरोघरी होते. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. भाजलेलं किंवा पेंडीच्या रूपातलं चालतं. पावसाळ्यात मका कुबट वास मारत असेल तर तो कोंबडीलाच काय, कोणालाच घालू नका. बुरशीचं विष यकृत धरतं.

अंड्यावर पांढरी भुकटी, कडेला चपटेपणा: रात्री दचकल्या. दचकलेली कोंबडी अंडं रोखून धरते, वर जादा थर चढतो. आमच्याकडे दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवस आणि अनंत चतुर्दशीच्या ढोलांनंतर असं हमखास. उपाय नाही, आपोआप जातं.

"कडकनाथचं अंडं काळं का नाही?" हाही तक्रारीच्या सुरात विचारलेला प्रश्न. मांस काळं, हाडं काळपट, पण अंडं मलईच्या रंगाचं, फिकट तपकिरीच असतं. 2018 साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो विकणारे खूप झाले, पण काळं अंडं दाखवून कोणी विकत असेल तर ते रंगवलेलं.

इथे घरगुती उपाय करू नका

कवचावर सुरकुत्या, कंगोरे, आणि फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरतंय, सोबत शिंका, घरघर: सांसर्गिक ब्रॉन्कायटिस या श्वासाच्या विषाणूरोगाचा संशय. हिरवी हगवण, मान वाकडी, पटापट मरतुक: राणीखेत रोग. कोंबड्या दिसायला ठणठणीत, खातात-पितात, पण अचानक सगळ्यांची अंडी फिकी, मऊ, बिनकवचाची आणि संख्याही घटली: 1976 मध्ये प्रथम नोंदलेला अंडी घटण्याचा विषाणूरोग, जो मुळात बदकांचा आहे. परसात बदकं पाळत असाल तर पशुवैद्याला ते आवर्जून सांगा. या तिन्हींत कॅल्शियम काही करत नाही. आम्हाला महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे मेलेली कोंबडी आणि बिघडलेली अंडी दोन्ही घेऊन जा, नुसतं वर्णन करून भागत नाही. प्रतिजैविक दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी घरात आणायची नाहीत.

वहीत अजून एक नाव दर आठवड्याला येतं: चंपी, माझी सगळ्यात जुनी संकरित, चार वर्षांची. म्हातारपणी अंडं मोठं होतं आणि कवचाचा माल तेवढाच राहतो, म्हणून ते ताणून पातळ होतं. शिंपले, माठ, पोती, सगळं करून झालं. तिच्या पेटीत आता दुप्पट तूस घालते आणि तिचं अंडं सगळ्यात आधी उचलते. ते टोपलीत जात नाही, थेट तव्यावर.